निऱ्यांचं पान

हे पान आधी नीट बघा, घाई नको. गोल आहे, परातीएवढं, आणि कुठंही फाटलेलं नाही. देठाच्या टोकापासून कडेपर्यंत नुसत्या घड्या, नऊवारीच्या निऱ्या चापूनचोपून बसवाव्यात तशा. कडेला बारीक दाते. आता यावर पाणी टाकतो, बघा थेंब कसे घडीघडीतनं पळतात आणि दात्यावरनं खाली टपकतात.

सांगलीतनं हरिपूर रस्त्याला लागलं की चिंचेची जुनी झाडं लागतात, त्यांच्या सावलीतनं पुढं आलं की हे काकूंचं घर. अंगणात, भिंतीच्या आडोशाला ही पाम उभी आहे. नर्सरीवाले हिला फॅन पाम म्हणतात, कुणी लिक्युला म्हणतं, शास्त्रीय नाव लिक्युआला ग्रँडिस. हिचं मूळ गाव लई लांब, पॅसिफिक महासागरातली व्हानुआटूची बेटं आणि सॉलोमनमधली सांताक्रूझ बेटं. तिथल्या पावसाळी जंगलात मोठ्या झाडांच्या खाली, अंधाऱ्या जागेत ही वाढते आणि तिथंच म्हातारी होते. वर जायची धडपड नाही, फार तर तीन मीटर उंची.

काकू रोज सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसतात. मी हात लावायला गेलो तर म्हणाल्या, "घडीच्या दिशेनंच पूस रे, आडवं पुसलंस की चिरतंय." हे वाक्य मला फार आवडलं, कारण या झाडाचं सगळं शास्त्र त्या घडीतच आहे.

असं समजा की तुम्ही त्या जंगलात खाली उभे आहात. वरच्या झाडांवर जेवढं ऊन पडतं त्यातला एक-दोन टक्के उजेड खाली पोचतो. मधूनच वरची पानं हलतात आणि एक कवडसा दोन मिनिटं तुमच्यावर येतो आणि जातो. खालच्या झाडांची दिवसभराची बरीचशी कमाई या कवडशांवरच असते. म्हणजे पान मोठं पाहिजे, पसरट पाहिजे, पण ते उभं करायला खर्च करायला पैसाच नाही, उजेड हाच पैसा. जाड शिरा, जाड गर, कडक लाकूड, हे सगळं परवडत नाही. मग काय करायचं, तर पातळ पानाला घड्या घालायच्या. सपाट पत्रा शेडवर टाकला तर मधी झोळ येतो, तोच पन्हळी पत्रा टाकला की ताठ राहतो. पत्रा तेवढाच, ताकद वेगळी. एक कागद घ्या, एका कडेला धरा, वाकतो ना? आता त्याला बारीक घड्या घालून धरा.

आणि या घड्या नंतर पडत नाहीत बरं का. पान शेंड्याच्या आत अगदी इवलंसं असतं तेव्हाच पडतात. चिंचेचं किंवा कडुलिंबाचं पान बघितलं तर तिथं प्रत्येक पर्णिका, म्हणजे पानातलं एकेक छोटं पान, सुरुवातीपासून स्वतंत्र फुगवटा म्हणून येते. पामचं तसं नसतं. नारळाची झावळीसुद्धा आत एकच सलग घडीचं पातं असते, नंतर घड्यांच्या रेषेवर ती उसवते आणि तिच्या पात्या होतात. या लिक्युलाचं पान उसवतच नाही, अख्खं राहतं. जंगलाच्या तळाला वारा जवळजवळ नसतोच, त्यामुळं अख्खं राहणं परवडतं. उघड्यावरच्या केळीच्या पानाचं वाऱ्यानं काय होतं ते आपण रोज बघतोच.

एक गोष्ट तुम्ही आज घरी करून बघा. नारळाच्या झावळीची एक पाती देठाजवळ बघा, ती उलट्या पन्हळीसारखी असते, पाणी पडलं की दोन्ही बाजूंनी ओघळतं. आता ओढ्याकाठच्या शिंदीची पाती बघा, ती वरनं उघडी, पाणी धरणारी. ताड, शिंदी, भेरली माड आणि ही लिक्युला एका घराण्यातल्या, सगळ्यांची घडी वर उघडी. नारळ, सुपारी आणि कुंड्यांमधली अरेका दुसऱ्या घराण्यातल्या. पाच मिनिटांत ओळखता येतं, भिंग लागत नाही, काही लागत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस मी रस्त्यावरची प्रत्येक पाम उलटीपालटी करून बघत होतो.

माझं पहिलं झाड मात्र गेलं. नर्सरीत सांगितलं होतं की पूर्ण उन्हात चालतंय, मी विश्रामबागेत गच्चीवर ठेवलं, मार्च महिना, आठ दिवसांत कडा गवतासारख्या पिवळ्या आणि मग तपकिरी. कवडशावर जगायला बनलेलं पान, त्याला एकदम सांगलीचं ऊन दिलं तर आलेला उजेड त्याला पचतच नाही, उलट आतली यंत्रणाच बिघडते. वर कोरडी हवा, म्हणून पान आपली रंध्रं, म्हणजे हवा आत घ्यायची बारीक छिद्रं, मिटून घेतं, आणि रंध्रं मिटली की उपाशी. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. इथं कुंडीला सावली, पावसाचं साठवलेलं पाणी आणि आजूबाजूला ओली माती असली की ती रमते. काकूंचं अंगण अगदी तसंच आहे.

आता शेंड्याकडं या. हा जो हिरवा भाला दिसतोय ना, हे नवीन पान, पूर्ण घडी घातलेलं, मिटलेल्या पंख्यासारखं. या अख्ख्या झाडाला वाढायची जागा ही एकच. आंबा वरनं छाटला तर बाजूनं फुटतो, या पामला तसं दुसरं दार नाही, शेंडा कुजला की संपलं. खोडही एकदा तयार झालं की आंब्यासारखं वर्षाला जाडी वाढवत नाही, म्हणून त्यावर पडलेली जखम भरून येत नाही, तशीच राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा काकूंकडं दोन कुंड्या होत्या. एक मुलानं माडीवर नेली, दुसरी जड होती, खालीच राहिली. पाणी उतरल्यावर पानं धुतली, हिरवी होती, सगळ्यांना वाटलं वाचली. पण शेंड्यात गाळ बसला होता. महिन्याभरानं भाला ओढला तर हातात आला, बुडाशी कुजलेला. जुनी पानं त्यानंतरही कितीतरी दिवस हिरवीच होती, आणि काकू ती पुसत होत्या. समोर दिसतेय ती माडीवर नेलेली.

हिचे भाऊबंद दीडशेच्या वर आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात लिक्युआला रामसायी आहे, ती मात्र उंच जाते, आणि तिची लाल फळं कॅसोवरी हा मोठा न उडणारा पक्षी गिळतो आणि बिया लांब नेऊन टाकतो. आपल्या देशातही एक आहे, लिक्युआला पेल्टाटा, ईशान्येकडं आणि अंदमानात, तिचं पान गोल असलं तरी पाचरीसारख्या तुकड्यांत फाटलेलं. आपल्या चांदोली-कोयनेच्या रानात लिक्युला नाही, तिथं भेरली माड आहे. त्याची गोष्ट वेगळीच, तो आयुष्यभर नुसता वाढतो, मग वरनं खाली एकेक करत फुलोरे काढतो आणि सगळ्यात खालचा फळून झाला की मरतो. त्याच्यावर एक पूर्ण व्हिडिओ करायचाय मला, पावसाळा संपला की पाटणच्या बाजूला जाणार आहे.

काकूंच्या झाडाला गेल्या वर्षी पहिल्यांदा फुलोरा आला, पानांच्या बाहेर लोंबणारा, बारीक पांढुरकी फुलं, आणि नंतर मटारापेक्षा जरा मोठी चकचकीत लाल फळं. आत एकच बी. त्यांनी अकरा बिया कोकोपीटमध्ये लावल्यात, महिने जातात म्हणे उगवायला, रोज सकाळी पानं पुसून झाली की झाकण उघडून बघतात. काल बोट घालून बघितलं तर एका बीतनं पांढरं टोक आलंय. त्याला अजून घडी नाही. शूटिंगचा उजेड जास्त होतोय म्हणून काकूंनी झाकण परत लावलं.