आधी खिडकी, मग झाड

श्रोतेहो, नमस्कार.

बैठकीच्या खोलीत ठेवायला झाड आणायचं म्हटलं की आपण काय बघतो? भिंतीचा रंग, सोफ्याचं कव्हर, फार तर टीव्हीशेजारचा रिकामा कोपरा. मग रविवारी नर्सरीत जाऊन डोळ्यांत भरेल ते रोप उचलून आणतो. महिना-दीड महिन्यात पानं पिवळी पडायला लागली की म्हणतो, ‘आमच्या हाताला झाडं लागतच नाहीत.’ खरं सांगू का, हातात काही खोट नसते. बहुतेक वेळा कोपरा चुकलेला असतो, आणि उरलेल्या वेळी पाणी जास्त झालेलं असतं. आजचं बोलणं या दोन गोष्टींवरच.

आधी कोपरा. भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स उजेड असतो. जिथे थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी तो हजार-दोन हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या भिंतीशी दीड-दोनशेसुद्धा उरत नाही. आपले डोळे लगेच जुळवून घेतात, त्यामुळे ही घसरण आपल्याला जाणवत नाही. झाडाला मात्र ती उपासमारच. यावर एक सोपी चाचणी आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास दिवे बंद करा आणि जिथे कुंडी ठेवायची तिथे एका पांढऱ्या कागदावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटं मोजता येतील इतकी सावली ठळक पडली तर उजेड भरपूर. कडा पुसट झालेली सावली पडली तर मध्यम. सावली दिसतच नसेल तर तिथे शोभेचा दिवा ठेवा, झाड नको.

खिडकीची दिशाही बघून घ्या. पूर्वेची खिडकी सगळ्यांत गुणी, सकाळचं कोवळं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेचं मार्च ते मे महिन्यांतलं दुपारचं ऊन पानं अक्षरशः भाजून काढतं, तिथे पातळ पडदा हवाच. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन थेट खोलीत शिरतं, उन्हाळ्यात ते मागे सरतं. आणि उत्तरेची खिडकी अगदीच कोरडी नसते बरं का. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे मे महिन्यात तिथेही तिरपं ऊन येऊन जातं. जूनपासून ढगच असतात, तो भाग वेगळा.

आता झाडं. कमी उजेड आणि विसरभोळे मालक, दोन्ही सहन करणारी दोन नावं आधी घेतो: स्नेक प्लांट आणि झेडझेड. स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. त्याच्या जाड, उभ्या पानांतच पाण्याचा साठा असतो. झेडझेड पूर्व आफ्रिकेतलं, आणि ते पाणी साठवतं जमिनीखाली. कुंडीतून उपसून बघितलंत तर मुळांशी बटाट्यासारखे गुळगुळीत कंद सापडतील. हे कंद वाढले की नर्सरीतली पातळ प्लॅस्टिकची कुंडी बाजूने फुगते, कधी तडकतेही. तोवर कुंडी बदलायची घाई नको.

मनीप्लांटबद्दल वेगळं काय सांगायचं! चोरून आणलेला मनीप्लांटच चांगला वाढतो म्हणतात. तो मागून आणलेलाही वाढतो, विकत आणलेलाही वाढतो. फांदीला पेर हवं, म्हणजे झालं, कारण मुळं पेरातूनच फुटतात. फक्त एक लक्षात ठेवा, लोंबता सोडला की याची पानं लहान राहतात आणि काथ्याच्या खांबावर चढवला की मोठी होत जातात. ठिपक्या-पट्ट्यांची पानं हिरवीगार व्हायला लागली, तर तो उजेड मागतोय असं समजा.

ॲग्लोनिमा घेताना रंगाला भुलू नका. हिरव्या-रुपेरी पानांच्या जाती सावलीत तग धरतात, लाल-गुलाबी जातींना खिडकीजवळचीच जागा लागते. पीस लिली तहान लागली की सगळी पानं खाली झुकवून मलूल पडते आणि पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहते. नव्याने झाडं लावणाऱ्यांसाठी मला तीच उत्तम वाटते, कारण बोलून दाखवते. रबराचं झाड तर आपल्याच ईशान्य भारतातलं. मेघालयातले मुळांचे जिवंत पूल याच झाडाचे. त्याला उजेड चांगला लागतो आणि पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी लागते.

तुळस, जेड आणि कोरफड मात्र बैठकीत ठेवू नका. तिघींनाही ऊन हवं. टीव्हीशेजारची तुळस कितीही श्रद्धेने जपली तरी खंगतेच.

आता पाणी. घरातली झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. मुळांना हवाही लागते, माती सतत चिंब राहिली की ती गुदमरतात आणि कुजतात. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाडही कोमेजलेलंच दिसतं, मग आपण आणखी पाणी घालतो. म्हणून ‘दर दोन दिवसांनी एक पेला’ असला हिशेब ठेवू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा; ओल लागली तर तांब्या परत घेऊन जा. कुंडी उचलून बघायची सवय लागली तर त्याहून चांगलं, कोरडी कुंडी हाताला चटकन हलकी लागते. स्नेक प्लांट आणि झेडझेडची माती पूर्ण वाळू द्यावी, पावसाळ्यात तर महिनाभरही पाणी लागत नाही. आणि ती भोक नसलेली देखणी चिनी मातीची कुंडी? घ्या, पण झाड आतल्या भोकाच्या कुंडीतच असू द्या.

बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी आठवड्याला बदलायचं आणि बाटली आतून घासायची, कारण अंडी काचेला चिकटून राहतात.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर थोडी सावधगिरी हवी. मनीप्लांट, ॲग्लोनिमा, पीस लिली, झेडझेड ही सगळी अळूच्या कुळातली. अळू खाजतो ना, म्हणून आपण त्यात चिंच घालतो. तसलेच सुईसारखे स्फटिक यांच्या पानांत असतात. चावलं की तोंडाची आग होते, सूजही येते. अशा घरी स्पायडर प्लांट किंवा अरेका पाम आणा, ती दोन्ही निर्धोक आहेत.

झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात, या जाहिरातीवर मात्र फार विसंबू नका. तिचा उगम नासाच्या १९८९च्या प्रयोगांत आहे, पण ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. उघड्या खिडकीतून जेवढी हवा बदलते, तेवढं काम करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत नव्वदच्या वर. मग बसायचं कुठे? झाड आवडतं म्हणून आणावं, हवेसाठी खिडकी आहे.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल, तर निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकदा नीट पाणी द्या, निथळू द्या, बश्या रिकाम्या करा आणि कुंड्या खिडकीपासून दोन हात आत, एकमेकींना लागून ठेवा. बाटलीतला मनीप्लांट तेवढा शेजाऱ्यांकडे द्या. परत मागताना त्यांनी एखादी फांदी ठेवून घेतली, तर कुरकुर करू नका.

नमस्कार.