रविवारी दुपारी घर बघू नका

नमस्कार मंडळी. आज घराबद्दल बोलायचंय, म्हणजे घर शोधण्याबद्दल. मी आणि माझा नवरा, आम्ही दोघांनी डिसेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 असे नऊ महिने ठाण्यात आणि नवी मुंबईत घरं बघितली, एकूण 41, सगळ्यांची नोंद एका वहीत आहे, ती वही आत्ता माझ्या पुढ्यात आहे. आणि ही पानं चाळताना एक गोष्ट लगेच दिसते, ती म्हणजे पहिली 25 घरं आम्ही रविवारी दुपारीच बघितली. सुट्टी तेव्हाच असते ना दोघांना, आणि एजंट लोकही तीच वेळ देतात, साइटवर चहा-सरबत असतं, उन्हात हॉल छान उजळलेला असतो, रस्ते मोकळे असतात. म्हणून आज इथे बसून सांगतेय, जे कोणी जोडपं सध्या घर शोधतंय त्यांनी निदान एवढं ऐका, रविवारी दुपारी बघितलेल्या घराला हो म्हणू नका.

आमची अडचण साधी होती. माझं ऑफिस बेलापूरला, त्याचं वागळे इस्टेटला. तेव्हा आम्ही कळव्यात भाड्याने राहत होतो, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, दर वर्षी मालक भाडं वाढवणार, दर वर्षी एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि सासूबाई आमच्यासोबत, त्यांचे गुडघे गेलेले. तिसऱ्यांदा सामान बांधायची वेळ आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता एकदाच काय ते हलवा रे मला." त्या रात्री घर घ्यायचं ठरलं.

पहिली साइट घोडबंदर रोडची, कासारवडवलीच्या पुढे. माजिवड्यावरून 20 मिनिटांत पोचलो. बाविसाव्या मजल्यावरून एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मला तर तिथेच राहावंसं वाटलं. एजंट म्हणाला साडेसहाशेचा वन बीएचके आहे, बॉक्स प्राइस, म्हणजे सगळं धरून एकच किंमत, सांगतो, आणि त्याने आकडा कागदावर लिहून दिला. आता हे साडेसहाशे म्हणजे काय ते ऐका. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याप्रमाणे घर कार्पेट एरियावर विकायचं, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती त्यात धरतात, बाल्कनी धरत नाहीत. पण बोलताना अजून लोक सुपर बिल्टअपच बोलतात, त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळ्याचा वाटा चढवलेला असतो. कागदावर कार्पेट होता 39.5 चौरस मीटर. चौरस मीटरला 10.764 ने गुणायचं की चौरस फूट येतात, नवऱ्याने मोबाइलवर गुणलं, 425. साडेसहाशेचे सव्वाचारशे झाले तिथल्या तिथे. ही आकडेमोड एजंटसमोरच करा, घरी येऊन नको, कारण घरी येईपर्यंत मनात फर्निचर लागलेलं असतं.

आणि सॅम्पल फ्लॅट. टेप न घेता सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो बेडरूम मोठा का वाटतोय ते मला दुसऱ्या खेपेला कळलं, मी पलंग मोजला तर साडेपाच फूट लांब, आणि खोल्यांना दारंच लावलेली नव्हती. दार उघडायला जी जागा लागते तीच नाही दाखवली तर खोली मोठी दिसणारच की. आमचं गोदरेजचं कपाट तिथे ठेवलं असतं तर पलंगावर चढून जावं लागलं असतं.

पण त्या घराला नाही म्हटलं ते पलंगामुळे नाही. नवरा म्हणाला, एकदा बुधवारी ऑफिसवरून थेट तिकडे जाऊन बघू. साडेसहाला कापूरबावडीला होतो. मेट्रोचं काम चालू, बॅरिकेड लावलेले, गुजरातकडे जाणारे मोठे ट्रक-कंटेनर गायमुखच्या घाटाकडे रांगेत, मानपाडा, पातलीपाडा, एकेका सिग्नलला तीन-तीनदा थांबलो. पोचायला एक तास दहा मिनिटं लागली. आणि तिथे गेल्यावर शेजारच्या टॉवरच्या गेटवर, जिथे लोक राहायला आलेत त्या टॉवरच्या, तीन पाण्याचे टँकर उभे. वॉचमनदादांना विचारलं, रोज येतात का? म्हणाले, मॅडम रोज, उन्हाळ्यात जास्त. त्या टँकरचं बिल मेंटेनन्समधूनच जाणार ना. रविवारी दुपारी ते टँकरही नव्हते आणि ते ट्रकही नव्हते. बेलापूरला रोज तिथून जायचं म्हणजे मी दिवसाला पाच तास रस्त्यावर. घोडबंदरला राहणाऱ्यांनो, वाईट वाटून घेऊ नका, ज्यांचं काम त्याच पट्ट्यात आहे त्यांना ते उत्तमच आहे, आमच्या दोघांच्या दिवसात मात्र ते बसत नव्हतं.

मग नवी मुंबईकडे वळलो. खारघर, तळोजा, उलवे. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, एअरपोर्ट येतोय, आत्ता घ्या, नंतर परवडणार नाही. बेलापूर ते पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 ला सुरू झाली होती, अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला, त्यामुळे ते अगदीच हवेतलं बोलणं नव्हतं. पण एअरपोर्टने माझा नवरा वागळेला जाणार नाही ना! खारघरला आम्ही एप्रिलमध्ये गेलो, मुद्दाम एप्रिलमध्ये, एका ओळखीच्या ताईंकडे सकाळी चहाला, तर त्यांनी बादल्या भरून रांगेने ठेवलेल्या. तिथे मला एक गोष्ट कळली जी आधी माहीत असायला हवी होती. आपण सगळ्याला सरसकट नवी मुंबई म्हणतो, पण ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे, आणि खारघर पडतं पनवेल महापालिकेत, जी 2016 साली झाली. दोन्ही सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने वसवलेली, दोन्हीकडे सेक्टर, पण नळाला येणारं पाणी वेगळं, टॅक्सचं बिल वेगळं. घर कुठल्या महापालिकेत आहे हे आधी विचारा, स्टेशन किती लांब ते नंतर.

मधल्या काळात एक गावठाणातली बिल्डिंग पण बघितली, गाव नाही सांगत. किंमत निम्म्याच्या आसपास, लिफ्ट, नवीन टाइल्स, एजंट म्हणाला पेपर हंड्रेड पर्सेंट क्लिअर, फायनान्स मी करून देतो. मी ओसी मागितली, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, महापालिका देते, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आणि राहण्याजोगी आहे म्हणून. ती नव्हती. सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, तीही नव्हती. दिघ्यात 2015 साली हायकोर्टाच्या आदेशाने अनधिकृत बिल्डिंगवर कारवाई झाली ते आठवतंय ना? त्या घरांत आपल्यासारखेच लोक होते, दागिने मोडून, गावची जमीन विकून आलेले. त्यांच्याबद्दल मला फार वाटतं. म्हणून ओसी नसेल तर घर कितीही आवडू दे, उठायचं आणि निघायचं, सासूबाई लिफ्ट बघून खूश झाल्या होत्या तरी आम्ही निघालो.

त्या दिवशी परतताना रिक्षात आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला तुला काहीच पसंत पडत नाही, मी म्हटलं तुला फक्त आकडे दिसतात, आणि दोघंही बरोबर होतो बहुतेक. घरी येऊन तास-दीड तास कोणी बोललं नाही. मग त्याने वहीचं कोरं पान काढलं, मधे रेघ मारली आणि म्हणाला, दोघांनी फक्त दोन-दोन गोष्टी लिहायच्या, ज्या सोडणार नाही. मी लिहिलं, ऑफिसला जायला जास्तीत जास्त एक तास, आणि स्वयंपाकघराला खिडकी. त्याने लिहिलं, आईला जिने चढायला लागू नयेत, आणि हप्ता दोघांपैकी एकाच्या पगारात भागला पाहिजे, उद्या एकाची नोकरी गेली तर. तो हप्त्याबद्दल इतका हट्टी का होता ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, तोपर्यंत मला तो कंजूषपणा वाटत होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे पान आम्ही पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर 41 तली निम्मी घरं बघावीच लागली नसती.

पैशाचं पण थोडं सांगते, कारण सगळे फक्त किंमत विचारतात. आमची उडी होती 75 लाखांपर्यंत. कर्ज 30 लाखांच्या वर 75 लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते, म्हणजे आम्हाला 60 लाख, वरचे 15 लाख आपले. 60 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के, तर हप्ता 52,000 च्या थोडा वर, आणि 20 वर्षांत बँकेला जातात जवळपास 1 कोटी 25 लाख. शिवाय ठाणे-नवी मुंबईत स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून 7 टक्के, म्हणजे सव्वापाच लाख, रजिस्ट्रेशनचे 30,000, एजंटचा 1 टक्का, सिडकोची जमीन असेल तर ट्रान्सफर चार्जेस, वकील. म्हणजे हातात 15 नाही, 22 लाख लागतात, आणि स्टॅम्प ड्युटीला बँक त्या 80 टक्क्यांत धरत नाही. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर वर 5 टक्के जीएसटी, ओसी मिळालेल्या घराला जीएसटी नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी, आमचे 75,000 वाचले असते. नवरा लगेच म्हणाला तुझ्या एकटीच्या नावावर करू. मी नको म्हटलं. हप्ता दोघांचा तर दारावरचं आणि कागदावरचं नावही दोघांचं, यावर मी ठाम राहिले आणि आजही तेच म्हणेन.

वहीतलं चाळिसावं घर ऐरोलीतलं, जुन्या सेक्टरमधली चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, पण घर पहिल्या मजल्यावर, अकराच पायऱ्या. सासूबाईंनी त्या कठड्याला धरून दोनदा चढून बघितल्या, म्हणाल्या जमतंय. ऐरोलीहून त्याला ठाण्याची गाडी, मला पनवेल गाडीने थेट बेलापूर. ओट्यासमोर खिडकी, खिडकीत बदामाचं झाड. घरात एक आजी एकट्या राहत होत्या, मुलगा पुण्याला, त्याच्याकडे चालल्या होत्या.

एजंट म्हणाला रविवारी या. आम्ही जुलैतल्या मंगळवारी गेलो, सकाळी सात वाजता, धो-धो पाऊस चालू असताना. आजी चकित झाल्या, पण आत घेतलं. नळाला पाणी होतं, जोरात. स्टेशनपर्यंत चालत किती वेळ लागतो ते छत्री घेऊन मोजलं, 14 मिनिटं, गुडघाभर पाणी कुठेही नाही. आणि बाथरूममध्ये छताखाली एक प्लॅस्टिकची बादली ठेवलेली, टप टप. आजींनीच सांगितलं, "वरच्यांची मोरी गळते गं, दोन वर्षं झाली, मी एकटी कुठे भांडत बसू?" एजंटने मला डोळ्याने खुणावलं की विचारू नका, आणि आजी मात्र सगळं दाखवत सुटल्या, कुठली भिंत ओल धरते, कुठल्या कोपऱ्यात पोपडे येतात. आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो, त्यांनी वरच्या मालकांना बोलावलं, दोन बैठका झाल्या, तिसऱ्या आठवड्यात वरची लादी उखडून वॉटरप्रूफिंग झालं. मग आणखी एका पावसात जाऊन छत हात लावून बघितलं, कोरडं. आजींनी साडेअठ्ठ्याहत्तर सांगितले होते, भिंतींचं काम आमच्याकडे घेऊन 75 ला ठरलं. आधीची सगळी अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू म्हणजे रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, सिडकोचे कागद वकिलांनी एकेक पान बघितले आणि मगच टोकन दिलं. विकणाऱ्याच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस, म्हणजे त्यांचा आयकर, आपणच कापून भरायचा असतो, 50 लाखांच्या वरच्या घराला, तो आजींना समजावून सांगताना नवऱ्याला अर्धा तास लागला, तोवर त्यांनी आम्हाला पोहे करून घातले.

चावी देताना आजींनी माझा हात धरून ओट्याजवळ नेलं. म्हणाल्या, पाणी पहाटे येतं, भरून ठेव, आणि ही खिडकी पावसात डावीकडचीच उघड, उजवी उघडलीस तर पत्र्यावरचं पाणी थेट गॅसवर येतं. मी आजही डावीच उघडते.

येते मी. नमस्कार.