गाडी पडल्यावर कळते

आयोजकांनी पत्रिकेत विषय छापलाय ‘ऑफरोड मोटरसायकलींचं अर्थकारण’. छापलाय तर राहू दे. मगाशी चहाच्या वेळी एका मुलानं मला गाठलं आणि विचारलं, “सर, होंडा एवढी मोठी कंपनी, सुझुकी-कावासाकीचं पण नाव आहे. मग एंड्युरोचा कुठलाही फोटो बघा, सगळं नारिंगीच का दिसतं?” नारिंगी म्हणजे ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीच्या गाड्या, आणि एंड्युरो म्हणजे जंगल-डोंगरातून दिवसभर चालणारी मोटरसायकल शर्यत. अर्थकारणापेक्षा हा प्रश्न मला बरा वाटला. आज त्यावरच बोलतो.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं म्युनिकला होतो. तिथून चार-पाच तासांवर ऑस्ट्रियात आइझेनएर्त्स नावाचं गाव आहे. गावाला लागूनच लोखंडाच्या खाणीचा डोंगर, शेताच्या ताली असाव्यात तसा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. या डोंगरावर १९९५ पासून एर्झबर्ग रोडिओ नावाची शर्यत होते. मुख्य दिवशी पाचशेच्या आसपास स्वार सुटतात, वेळ चार तासांची. शेवटपर्यंत पोचतात ते फार तर वीस-पंचवीस, एखाद्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी ‘कार्ल्स डायनर’ नावाच्या टप्प्यापाशी उभा होतो. डायनर कसलं, फ्रीजएवढ्या धोंड्यांची नुसती रास! तिथं उभं राहून मी मुख्यतः माणसांना गाड्या उचलताना बघितलं. पडली, उचलली, सुरू केली, दहा फूट गेली, पुन्हा पडली.

तिथं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. एंड्युरोची गाडी चालताना कशी आहे यावरून तिचं नाव होत नाही. पडल्यावर ती कशी वागते यावरून होतं. शोरूममध्ये हे कळायचा काही मार्ग नाही.

थोडं मागं जाऊ. मोटोक्रॉस आणि एंड्युरो ही सख्खी भावंडं वाटतात, पण दोघांचा संसार वेगळा आहे. मोटोक्रॉस म्हणजे बंदिस्त ट्रॅक. जागतिक स्पर्धेत एक फेरी अर्ध्या तासाची, वर दोन लॅप. उड्या मोठ्या, म्हणून सस्पेन्शन कडक. वेग सतत चढा, म्हणून पाच गिअर आणि तेही एकमेकांना चिकटून. दिवे नाहीत, नंबरप्लेट नाही. शर्यत संपली की गाडी तंबूत आणि मेकॅनिक तिच्यावर.

एंड्युरो म्हणजे दिवसभराचं काम. जंगल, ओढा, मुळं, चिखल, मध्ये डांबरी सडक, परत जंगल. या खेळातली सर्वांत जुनी स्पर्धा १९१३ साली इंग्लंडमध्ये कार्लाइल इथं सुरू झाली. आज तिला इंटरनॅशनल सिक्स डेज एंड्युरो म्हणतात. सहा दिवस, आणि गाडीचं काम स्वतः स्वारानं करायचं. सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. टायर बदलायचा तर तोही स्वतःच्या हातानं. फ्रेम, इंजिनाचं केसिंग यांवर खुणा केलेल्या असतात, ते सहा दिवस बदलता येत नाही. एवढ्या नियमांत माणूस गाडीकडं कसा बघेल? लग्नाच्या घोड्याकडं बघतात तसं नक्कीच नाही. बैलाकडं बघतात तसं बघेल.

आता जपानी कंपन्यांनी काय केलं ते बघा. त्यांचा सगळा जीव मोटोक्रॉसमध्ये, कारण अमेरिकेत प्रेक्षक आणि पैसा तिथं. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसमध्ये, डग हेन्री या स्वारानं यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर, म्हणजे चार टप्प्यांत काम करणाऱ्या इंजिनाच्या गाडीवर, शर्यत जिंकली, पुढच्या वर्षी वायझेड४००एफ बाजारात आली, आणि सगळ्यांचं लक्ष फोर-स्ट्रोककडं वळलं. होंडानं २००७ नंतर मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक, म्हणजे दोनच टप्प्यांच्या साध्या इंजिनाच्या गाड्या, बंद केल्या. कावासाकी, सुझुकीही त्याच वाटेनं गेल्या. यामाहानं तेवढ्या वायझेड१२५ आणि वायझेड२५० जिवंत ठेवल्या.

ट्रॅकवर हे बरोबरच होतं. जंगलात मात्र टू-स्ट्रोकची किंमत वेगळी आहे. तुमच्यातल्या किती जणांच्या घरी आरएक्स १०० होती? बरेच हात वर आले. मग तुम्हाला फार सांगायला नको. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टन बदलायचा तर हेड आणि ब्लॉक काढा, दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत काम संपतं. वजन कमी. आणि ३०० सीसीचं नीट बसवलेलं इंजिन चढावर अगदी कमी फेऱ्यांवरही टुकूटुकू चालत राहतं. साडेचारशे सीसीची मोटोक्रॉस गाडी अशा जागी झटका देऊन बंद पडते. बंद पडली की तुम्ही एका पायावर, खाली उतार, इंजिन तापलेलं, आणि किक मारायला दुसरा पाय ठेवायला जागा नाही.

इथंच नारिंगी रंगाची सरशी सुरू होते. केटीएमनं २००० सालच्या फोर-स्ट्रोक एंड्युरोला सेल्फ-स्टार्ट दिला, २००८ च्या मॉडेलपासून मोठ्या टू-स्ट्रोकलाही. त्या वेळी लोक हसले होते, शर्यतीच्या गाडीला बॅटरी म्हणजे काय थट्टा! होंडाच्या सीआरएफ४५०आर या मोटोक्रॉस गाडीवर सेल्फ कायमचा आला तो २०१८ च्या मॉडेलला. सुझुकीच्या आरएम-झेड४५० ला २०२५ च्या मॉडेललाही किकच आहे. ट्रॅकवर कोणाचं अडत नाही. पण चढावर तिसऱ्यांदा पडलेल्या माणसाला विचारा, त्या बटणासाठी तो किती पैसे देईल.

बाकीचे फरकही तसेच. सहा गिअर, पहिला चांगला खालचा आणि सहावा सडकेसाठी. मागचं चाक एकोणीसऐवजी अठरा इंची, म्हणजे टायरची भिंत उंच आणि दगडावर आपटल्यावर ट्यूब चिमटून पंक्चर व्हायची शक्यता कमी. हायड्रॉलिक क्लच, तापल्यावरही लिव्हर सैल पडत नाही. मागचं सस्पेन्शन थेट स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, खाली लिंकेजचे जोडसांधे लोंबत नाहीत, त्यामुळं ओंडक्यावरून जाताना अडकत नाही. शेवटच्या मुद्द्यावर दोन एंड्युरोवाले एकत्र आले की भांडण होतंच. उड्या मारताना लिंकेजच बरं, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत.

आणि वजन. ३०० सीसीची टू-स्ट्रोक एंड्युरो पेट्रोल सोडून शंभर ते एकशे पाच किलोच्या आसपास. होंडाची सीआरएफ४५०एल टाकी भरून १३१. पेट्रोलाचे पाच-सहा किलो वजा करा, तरी वीस किलो उरतात. गाडी सरळ उभी असताना वीस किलो म्हणजे काहीच नाही. चिखलात आडवी पडली की तेच वीस किलो जवळजवळ सिमेंटची अर्धी गोणी होतात.

पण होंडाशी अन्याय नको. मेक्सिकोच्या वाळवंटात बाहा १००० चालते, तिथं होंडानं वर्षानुवर्षं कोणाला उभं राहू दिलं नाही. मोकळं मैदान, भरधाव वेग, शेकडो मैल, तिथं भक्कम आणि वजनदार गाडी वरदान ठरते. डाकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत केटीएमची २००१ पासून सलग अठरा विजेतेपदं होती, ती साखळी २०२० मध्ये होंडानंच तोडली. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. एंड्युरो मनावर घ्यायचं त्यांना कारण नाही. वर्षाला दोन कोटींच्या आसपास दुचाकी विकणाऱ्या कंपनीच्या ताटात एंड्युरो ही डाव्या बाजूची चटणी. माटिगहोफेन गावातल्या केटीएमसाठी ती भाकरी होती. १९९१ मध्ये दिवाळखोरीत निघालेली कंपनी याच भाकरीवर परत उभी राहिली.

जपान्यांनी एंड्युरोसाठी गाड्या काढल्याच नाहीत असंही नाही. यामाहाची डब्ल्यूआर, होंडाची सीआरएफ-एक्स, सुझुकीची २०१० ची आरएमएक्स४५०झेड. पण अमेरिकेच्या धूर-आवाजाच्या नियमांसाठी यातल्या कित्येक गाड्या गळा आवळूनच यायच्या. थ्रॉटल पूर्ण उघडू नये म्हणून आडवा स्क्रू, सायलेन्सरमध्ये बूच, एअरबॉक्सला झाकण. नवी कोरी गाडी घरी आणायची आणि पहिला रविवार बुचं काढण्यात घालवायचा. नारिंगी गाडीही कागदोपत्री तशीच दबलेली यायची बरं का. फरक एवढाच की बुचं कशी काढायची हे डीलरला पाठ असायचं आणि लागणारा भाग कंपनीच्याच कॅटलॉगात मिळायचा. यामाहानं २०१६ साठी वायझेड२५०एक्स काढली. पाच गिअर, कार्ब्युरेटर, सेल्फ नाही. तरी तिचे भक्त आहेत. ते का, तर ती बिघडत नाही आणि तिचे पार्ट कुठंही मिळतात. हे ‘कुठंही मिळतात’ लक्षात ठेवा, त्याकडं परत येतो.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट, हुसाबर्गची. स्वीडनची हुस्कवर्ना कंपनी १९०३ पासून मोटरसायकली बनवत होती. १९८७ मध्ये तिचा मोटरसायकल विभाग इटलीच्या काजिवाला विकला गेला आणि काम इटलीत हललं. काही स्वीडिश इंजिनियर म्हणाले, आम्ही नाही येत. त्यांनी १९८८ मध्ये हुसाबर्ग काढली. छोटी कंपनी, हट्टी माणसं. १९९५ मध्ये ती केटीएमच्या हाती गेली तरी हट्ट उरला होता. २००९ च्या गाडीत त्यांनी सिलिंडर ७० अंशांत कलंडवून ठेवला, कारण फिरणारं वजन गाडीच्या मध्याजवळ आलं की ती हलकी वाटते. विचार अप्रतिम. पण ती गाडी पाहून शेजारच्या गॅरेजवाल्याचा चेहरा कसा झाला असेल ते मी सांगायला नको.

२०१३ मध्ये एर्झबर्ग जिंकलं ते ग्रॅहम जार्विसनं, हुसाबर्गवर. म्हणजे जगातली सर्वांत अवघड शर्यत जिंकणारी गाडी. आणि त्याच काळात केटीएमच्या मालकांनी बीएमडब्ल्यूकडून हुस्कवर्ना विकत घेतली. घरात दोन स्वीडिश कशाला? मोठं नाव ठेवलं, धाकटं पुसलं. २०१४ नंतर हुसाबर्ग नाही. जिंकून काय मिळालं? ज्यांच्याकडं ती गाडी होती ते लोक त्या दिवसापासून पार्ट साठवायला लागले.

पुढं स्पेनची गॅसगॅसही २०१५ मध्ये आर्थिक गाळात गेली, मग फिरत फिरत त्याच घरात आली. आज नारिंगी, पांढरी आणि लाल अशा तीन रंगांत बऱ्याच अंशी एकच इंजिन, एकच फ्रेम मिळते. “मला केटीएम आवडत नाही, म्हणून मी हुस्कवर्ना घेतली” असं म्हणणारा माणूस मला भेटलाय. मी काही बोललो नाही, त्याचा आनंद कशाला घालवा! २०१५ च्या एर्झबर्गमध्ये तर चार स्वार एका अशक्य टप्प्यात अडकले, एकमेकांच्या गाड्या ओढत बाहेर आले आणि चौघांनाही विजेते घोषित केलं. दोघं केटीएमवर, दोघं हुस्कवर्नावर. चार विजेते, दोन रंग, कारखाना एक.

मग या घराबाहेरचे कोण? इटलीत फ्लॉरेन्सजवळची बेटा नावाची कंपनी. काही वर्षं केटीएमचंच इंजिन घेऊन गाडी बनवली, २०१० च्या सुमारास स्वतःचं बसवलं आणि पुढं स्टीव्ह होलकॉम्ब व ब्रॅड फ्रीमन यांनी तिच्यावर जागतिक विजेतेपदं आणली. फ्रान्सची शेर्को, जिच्याशी आपल्या टीव्हीएसनं डाकारसाठी हातमिळवणी केली. इटलीतल्याच पेझारोची टीएम, जवळजवळ सोनाराच्या हातची वाटावी अशी, किंमतही तशीच. या गाड्या कमी दिसतात त्याचं कारण गाडीत शोधू नका. तुमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत त्यांचं दुकान आहे का, ते शोधा. शनिवारी वाकलेला गिअर लिव्हर रविवारी सकाळी मिळतो का? तुमच्या टोळीत पाच जणांकडं एकच गाडी असेल तर जंगलात पाच जणांच्या बॅगेत एकमेकांना चालणारे पार्ट असतात. सहाव्यानं वेगळी गाडी आणली की तो एकटा पडतो, आणि पुढच्या वर्षी निमूट तीच घेतो. कंपन्या जाहिरातीवर करोडो उधळतात, पण माझ्या मते एंड्युरोतली लोकप्रियता अशी टोळीटोळीनं पसरते.

याला पुण्याचा एक धागा आहे. आकुर्डीच्या बजाजनं २००७ मध्ये केटीएमचा १४.५ टक्के हिस्सा घेतला, पुढं चाकणला ड्यूक बनू लागल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात केटीएम पुन्हा कर्जात बुडून न्यायालयात गेली, कारखान्याचं काम थांबलं, आणि २०२५ मध्ये बजाजनं ८० कोटी युरोंची तजवीज करून कंपनी हातात घेतली. नारिंगी गाडीवाल्यांच्या युरोपातल्या गप्पांत त्या हिवाळ्यात एकच विषय असणार: पार्ट मिळत राहतील ना? हुसाबर्गवाल्यांना जी भीती होती, तीच. फक्त या वेळी उत्तर मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं.

आपल्याकडं खऱ्या एंड्युरो गाड्या आयात होतात, किंमत भरमसाट, आणि त्या सह्याद्रीत आणणारे थोडे. आपले बहुतेक जण एक्सपल्सवर किंवा हिमालयनवर जातात. पण कायदा तोच. वेल्ह्याच्या पुढं गाडी चिखलात आडवी झाली की दीडशे किलोच्या घरातली आणि दोनशे किलोच्या घरातली गाडी यांतला फरक पाठीला कळतो. क्लच केबल तुटली की तालुक्याच्या फिटरकडं कोणत्या गाडीची केबल खुंटीला टांगलेली असते, तेही कळतं.

हं, मागून चिठ्ठी आलीये. “ट्रायम्फनं आता एंड्युरो काढलीये, घ्यावी का?” २०२५ मध्ये त्यांनी २५० आणि ४५० अशा दोन काढल्या आहेत. सहा गिअर, सेल्फ, दिवे, सगळं जागच्या जागी. म्हणजे ही मोटोक्रॉसची उरलेली भाजी फोडणी देऊन वाढलेली नाही, हे बरं झालं. तुम्हाला घ्यायची असेल तर जरूर घ्या. फक्त पहिल्या राइडला मला बोलवा, मी माझी जुनी गाडी घेऊन मागून येतो. दोर माझ्याकडं आहे.