नस कानात, परीक्षा डोळ्यांची

श्रोतेहो, नमस्कार.

कान कोरताना कधी एकदम ठसका लागलाय तुम्हाला? घशात काही अडकलेलं नाही, सर्दी नाही, तरी खोकल्याची उबळ येते. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना ते चांगलंच ठाऊक असतं. मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या नसेची, डॉक्टर मंडळी जिला व्हेगस म्हणतात तिची, एक बारीकशी फांदी कानात आलेली असते. ती डिवचली गेली की मेंदूची फसगत होते. त्याला वाटतं, घशातच काहीतरी गेलं.

आज मी या फांदीबद्दलच बोलणार आहे, आणि ती चेतवली तर समोरच्याच्या मनातलं जास्त कळतं का, याबद्दलही. मराठीत नस म्हटलं की रक्तवाहिनीही आली आणि मज्जातंतूही. इथे मज्जातंतू समजा. 'त्याची नस मला बरोबर सापडली' असं आपण माणसाबद्दल म्हणतो ती तिसरीच, पण तिच्याकडेही येणार आहोत.

व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थ भटकी. नाव अगदी सार्थ आहे. ही नस कवटीच्या तळातून निघून मानेतून उतरते आणि स्वरयंत्र, हृदय, फुप्फुसं, जठर असं करत थेट आतड्यांपर्यंत जाते. मेंदू वरून हुकूम सोडतो आणि नसा ते पोचवतात, असं आपण धरून चालतो. हिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू मात्र उलट्या दिशेने, शरीराकडून मेंदूकडे बातम्या नेत असतात. छातीत धडधडतंय, पोटात कालवतंय, ही खबर वर जाते ती हिच्यामार्फत. डार्विनने १८७२ मध्येच लिहून ठेवलं होतं की हृदय आणि मेंदू याच नसेतून एकमेकांवर परिणाम करत असतात.

ही नस विजेने चेतवून उपचार करायची कल्पना अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजारातून पुढे आली. छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवायचं आणि त्याची तार मानेतल्या डाव्या नसेला गुंडाळायची. माणसावर हे पहिल्यांदा १९८८ मध्ये झालं आणि अमेरिकेत १९९७ साली त्याला मान्यता मिळाली. पण शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ही नस कानात कातडीच्या अगदी जवळ येते, तर तिथूनच तिचं दार का वाजवू नये?

ती जागा बोटाने सापडते. कानाच्या वरच्या कडेवर बोट ठेवा आणि कडेकडेने चेहऱ्याच्या बाजूला खाली या. ती कड वळून कानाच्या वाटीत शिरते आणि वाटीचे दोन भाग करते. खालचा भाग कानाच्या भोकाकडे जातो. वरचा छोटा खोलगट भाग, जिथे बोटाचं जेमतेम टोक मावतं, तीच ती जागा. तिथे इलेक्ट्रोड टेकवून सेकंदाला साधारण २५ वेळा अगदी सौम्य ठोके देतात. मुंग्या आल्यासारखं वाटतं, दुखत नाही. बहुतेक प्रयोगांत डावा कान घेतात, कारण उजवीकडची नस हृदयाची गती ठरवणाऱ्या गाठीशी जास्त जोडलेली असते. घरी तारा जोडून बघू नका, हे मी सांगायला नकोच. हृदयाचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर मुळीच नको.

या सगळ्या प्रयोगांत मला सर्वांत आवडते ती कानाची पाळी. कानात मुंग्या आल्या म्हणूनच माणूस जास्त सावध झाला असेल, ही शंका फेडायची कशी? तर तुलनेसाठी तोच प्रवाह पाळीला द्यायचा. तिथे व्हेगसची फांदी पोचत नाही, मुंग्या मात्र तशाच येतात.

आता परीक्षा, आणि तिच्यासोबत ती तिसरी नस, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं. चेहऱ्याचा फक्त डोळ्यांचा पट्टा दाखवतात आणि चार शब्द देतात. या माणसाच्या मनात काय चाललंय ते त्यातून निवडायचं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांची ही चाचणी, २००१ च्या सुधारित आवृत्तीत अशी ३६ चित्रं आहेत. मला यात एक खोच दिसते. ओशाळलेला, खजील, संकोचलेला, वरमलेला यांतला फरक ज्याला शब्दांत कळतो, तो अर्धी लढाई आधीच जिंकतो. म्हणजे मन वाचण्याबरोबर इथे शब्दसंपत्तीही तपासली जाते.

तर २०१७ मध्ये संशोधक लोरेन्झा कोल्झाटो आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी कानातल्या उद्दीपनाबरोबर घेतली. नस चेतवल्यावर निरोगी तरुणांची उत्तरं सुधारली, पण फक्त सोप्या चित्रांवर. अवघड चित्रं अवघडच राहिली. पुढच्या वर्षीच्या एका अभ्यासात चेहऱ्यावरच्या भावना ओळखणं सुधारलं, नुसत्या शरीराच्या ठेवणीवरून ओळखणं मात्र नाही. परिणाम लहान, माणसंही मोजकी. अशा निष्कर्षांवर यंत्रांच्या जाहिराती उभ्या राहायला लागल्या की मी कान टवकारतो.

हे घडतं कसं? मेंदूच्या बुडाशी एक निळसर ठिपका आहे, नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन पाझरणारा. नसेची खबर तिथवर पोचते आणि लक्ष तल्लख होतं, हा एक अंदाज. दुसरा असा, की स्वतःच्या शरीरातली हालचाल अधिक नीट कळली की समोरच्याची घालमेलही नीट कळते. मला दुसरा जास्त भावतो, पण भावणं म्हणजे पुरावा नव्हे.

याच गटाचा २०१५ चा एक प्रयोग फारसा कुणी सांगत नाही. संगणकावर चेंडू फेकायचा खेळ. बाकीचे खेळाडू मिळून एकाला वाळीत टाकतात, त्याच्याकडे चेंडू जातच नाही. तुम्ही हे बघताय आणि चेंडू तुमच्या हातात आला. तुम्ही तो त्या एकट्या पडलेल्याकडे टाकाल का? नस चेतवल्यावर माणसं जास्त वेळा टाकतील, अशी अपेक्षा होती. पण वाटीतली नस चेतवली काय आणि नुसती पाळी चेतवली काय, त्याच्या वाट्याला येणाऱ्या चेंडूंत फरक पडला नाही.