टेबल सॉवर लाकूड उलटं का उडतं आणि प्रत्येक कापाला टेकू कुठे द्यायचा

(हातात प्लायचा चौकोनी तुकडा. मागे टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल ब्लेड वर येणारं करवत मशीन, प्लग काढलेला.)

नमस्कार. हा तुकडा बघा. १२ एमएम प्लाय, फूटभर लांब, फूटभर रुंद. आता उलटा करतो. खालच्या बाजूला ही कमानीसारखी खाच दिसतेय ना? ही मी कोरलेली नाही. या मशीनच्या ब्लेडनं तुकडा उचलला, गरकन फिरवला आणि माझ्या पोटावर फेकला. जाताजाता दातांनी काढलेली ही खूण.

पोटावरचा काळानिळा डाग पंधरा दिवसांत गेला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती वेगळ्याच कारणानं. ज्या हातानं मी तुकडा ढकलत होतो, त्याच्याखालचं लाकूड एकदम नाहीसं झालं आणि हात टेबलावर आपटला. ब्लेडपासून चार बोटांवर.

आपल्याला वाटतं, लक्ष नसलं की हात ब्लेडवर जातो. तसंही होतं. पण पुष्कळदा हात आपणहून जात नाही, उडणारं लाकूड त्याला घेऊन जातं. म्हणून आज बोटांपेक्षा लाकडाबद्दलच जास्त बोलणार आहे.

(कॅमेरा ब्लेडच्या बाजूनं.)

हे १० इंची ब्लेड आहे. मिनिटाला ४,००० फेरे धरले, तर दाताच्या टोकाचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. आता हातानं फिरवतो, नीट बघा. तुमच्या बाजूचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र टेबलाखालून वर येतात आणि वरून तुमच्याच दिशेनं धावतात. त्यांना लाकडाची कड लागली, की लाकूड उचललं जातं आणि त्याच वेगानं तुमच्या अंगावर येतं. यालाच किकबॅक म्हणतात. आपले मिस्त्री म्हणतात, मशीननं माल उडवला.

मग लाकूड मागच्या दातांना लागू द्यायचं नाही, एवढंच काम उरतं. त्यासाठी मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. लाकडाला दिशा देणारा टेकू एकच हवा. एकही नाही, असं चालत नाही आणि दोन तर मुळीच नाहीत.

उभा चीर घेऊ. फळीची रुंदी कमी करायची, रीप काढायची, लाकडाच्या रेषांबरोबर चिरायचं. इथे टेकू म्हणजे फेन्स, ब्लेडला समांतर बसवायची ही सरकती सरळ पट्टी. ब्लेडच्या एका दातावर खूण करा, तो दात पुढे आणून फेन्सपर्यंतचं अंतर मोजा. मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही मापं सारखी हवीत. मागे केसभर जास्त असलं तर चालेल, कमी असलं तर लाकूड चिमटीत सापडणार.

ब्लेडच्या मागे उभी असलेली ही पोलादी पट्टी म्हणजे रायविंग नाइफ. ती ब्लेडबरोबर वरखाली होते आणि चिरलेली फट मिटू देत नाही. मशीन घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी लोक गार्डबरोबर, म्हणजे ब्लेडवरच्या झाकणाबरोबर, तीही काढून ठेवतात. मीही काढली होती, हा तुकडा त्याच दिवसांतला. खाच मारताना गार्ड काढावं लागतं, हे मला मान्य आहे. पण साध्या ब्लेडवर रायविंग नाइफ काढायला मला आजवर एकही कारण सापडलेलं नाही. जागेवर असती, तर प्लाय फेन्सपासून सरकला तरी मागच्या दातांपर्यंत पोचलाच नसता.

सॉलिड लाकूड चिरताना तर ती हवीच. नीट न वाळलेला आंबा किंवा बाभूळ चिरून बघा. लाकडाच्या पोटातला ताण मोकळा होतो आणि दोन्ही बाजू ब्लेडला आवळायला लागतात. मोटरचा आवाज जड होतो. अशा वेळी लाकूड मागे ओढू नका. एका हातानं ते तिथेच धरून ठेवा, दुसऱ्या हातानं किंवा गुडघ्यानं स्विच बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या. फटीत पाचर ठोका आणि मग पुढे जा. पाचरीचे दोन तुकडे मी मशीनच्या पायालाच बांधून ठेवलेत.

ब्लेड लाकडाच्या वर साधारण दोन सूत, म्हणजे पाव इंच ठेवा. जोर नेहमी ब्लेड आणि फेन्सच्या मधल्या भागावर द्या, कारण तोच भाग अडकू शकतो. फेन्स आणि ब्लेडमध्ये सहा इंचांहून कमी जागा असेल तर हात नाही, पुश स्टिक. मला काठीपेक्षा टाच असलेला रुंद ठोकळा आवडतो, कारण तो लाकूड पुढेही नेतो आणि खालीही दाबतो. तुम्ही मात्र ब्लेडच्या रेषेत उभे राहू नका, थोडे डावीकडे सरका. पलीकडे मदतनीस असेल तर त्यानं फक्त वजन पेलायचं. त्यानं ओढलं, की दिशा तुमच्या हातात राहिली नाही.

लिपिंगच्या, म्हणजे प्लायच्या कडेला लावायच्या पातळ पट्ट्या काढताना पट्टी फेन्सच्या बाजूला ठेवू नका. रुंद फळी फेन्सला, पट्टी ब्लेडच्या बाहेरच्या बाजूला मोकळी पडू दे. प्रत्येक पट्टीला फेन्स सरकवावं लागतं, वेळ जातो, जाऊ दे.

आता आडवा काप. फळीची लांबी कमी करायची. इथे टेकू बदलतो, मायटर गेज, म्हणजे टेबलाच्या खोबणीत सरकणारा आडवा टेकू येतो आणि फेन्स बाजूला जातो. फेन्सला टेकवून माप घ्यायचं आणि मायटर गेजनं ढकलायचं, हा मोह सगळ्यांना होतो. पण कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मध्ये कोंडला जातो, तिरका होतो आणि सुटतो. एकाच मापाचे दहा तुकडे हवेत? मग फेन्सला एक ठोकळा क्लॅम्प करा, ब्लेडच्या बराच अलीकडे. लाकूड ठोकळ्याला टेकवून माप घ्या. ब्लेडपाशी पोचेपर्यंत ते ठोकळ्यापासून सुटलेलं असेल.

तुकडा फेन्सला लावायचा की गेजला, हे ठरवताना मी आकार बघतो. जी कड फेन्सला लागणार तिच्यापेक्षा रुंदी जास्त असेल, तर फेन्स नको. माझा तुकडा चौरस होता, म्हणजे अगदी सीमेवर. तिथे स्लेड वापरायला हवी होती. १२ एमएम प्लायचा तळ, खाली खोबणीत सरकणाऱ्या दोन पट्ट्या, पुढेमागे उभ्या फळ्या. तुमच्या बाजूची फळी ब्लेडशी गुण्यात, म्हणजे काटकोनात बसली, की लहान तुकडेसुद्धा शांतपणे कापता येतात. फक्त ब्लेड जिथून बाहेर येतं तिथे जाड ठोकळा चिकटवा आणि अंगठे तिथे ठेवू नका.

तिरक्या कापाला एवढंच बघा की ब्लेड फेन्सपासून दूर झुकतंय. फेन्सकडे झुकलं तर माल त्याखाली अडकतो. आणि आठ बाय चारची अख्खी शीट एकट्यानं छोट्या मशीनवर चढवू नका. आधी जमिनीवर हातातल्या सर्क्युलर सॉनं मोठे तुकडे पाडा.

आता साइटवरचं बोलतो. प्लायला भोक पाडून खालून चार इंची मार्बल कटर उलटा बांधायचा, स्विच लॉक करायचा, झालं टेबल सॉ. मी असं काम पाहिलंय आणि करणाऱ्यांची कारागिरीही पाहिलीये. पण तो कटर मिनिटाला १२,००० च्या घरात फिरतो. टोकाचा वेग ताशी २३० ते २५० किलोमीटर, म्हणजे या मोठ्या मशीनपेक्षा जास्त. त्याला रायविंग नाइफ नाही, हाताशी स्विच नाही. दगड कापायच्या चकतीला लाकूड पकडणारे दात नसतात, इथे आपण दात लावतो. ठेकेदार मंडळी बघत असतील तर त्यांना माझी विनंती आहे. हातातली सर्क्युलर सॉ आणि सरळ अॅल्युमिनियमची पट्टी एवढं तरी कारागिराला द्या.

हातमोजे या मशीनवर घालू नका, दातात अडकले की हात ओढतात. गमछा, कडं, लोंबणारी बाही, सगळं बाजूला. चष्मा आणि मास्क मात्र हवाच, लाकडाचा भुसा फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

आणि कुणाचं बोट गेलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात उंच धरा, १०८ ला फोन करा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, त्यानं ते खराब होतं.

(प्लग लावतो.)

आता या सागाच्या फळीतून दीड इंची रीप काढतो. हातांकडे सगळेच बघतात. तुम्ही माझे पाय बघा, ते ब्लेडच्या रेषेच्या किती बाहेर आहेत.