लॅक्स्टन: बांधाचा तंटा गावातच मिटवणारं गाव

श्रोतेहो, नमस्कार.

बांध कोरल्यावरून पेटलेली भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. आज ज्या गावाबद्दल सांगणार आहे, तिथे असला तंटा गावकरीच मिटवतात, आणि तेही शेकडो वर्षं. गावाचं नाव लॅक्स्टन, इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधलं.

गावाला तीन मोठी रानं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साऊथ फील्ड. आत कुंपण नाही, नुसत्या पट्ट्या, आणि एकेका शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसऱ्याला विसावा. दर वर्षी पाळी बदलते. चांगली माती एकट्याच्याच वाट्याला जाऊ नये, हा त्यामागचा जुना न्याय मला फार मोलाचा वाटतो.

मध्ययुगात इंग्लंडच्या मोठ्या भागात अशीच शेती होती. पुढे पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून मोकळी रानं कुंपणात घातली. सामाईक चराई गेली, कित्येक गरीब कुटुंबं मजुरीला लागली. लॅक्स्टनचीही काही जमीन कुंपणात गेली, पण ही तीन रानं टिकली. १६३५ साली मार्क पिअर्सने केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टी न् पट्टी दाखवलीय, नांगर धरलेली माणसंसुद्धा.

गावाचा जीव मात्र आहे 'कोर्ट लीट'मध्ये, म्हणजे गावातल्याच पंचांच्या जुन्या न्यायसभेत. नोव्हेंबर सरताना पंच गव्हाच्या रानात उतरतात. कुणाचा नांगर वाटेत किंवा सामाईक गवतात घुसलाय का, हे चालत जाऊन बघतात आणि हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. मग आठवड्याभराने डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट भरतं. हद्द ओलांडणाऱ्याला दंड होतो. रक्कम किरकोळ असते, पण ठरवणारे शेजारीच! १९७७ च्या कायद्याने देशातल्या अशा जुन्या कोर्टांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे राखले.

१९५२ मध्ये मॅनव्हर्स या जमीनदार घराण्याकडून ही जमीन सरकारच्या शेती खात्याकडे गेली, नंतर क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे, आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे पुन्हा त्याच घराण्याच्या वारसांकडे. आता शेती करणारी कुटुंबं पूर्वीपेक्षा कमी उरली आहेत, याची मला काळजी वाटते. नव्या मालकांनी तरुण कुळांना इथे जमिनी कसायला द्याव्यात, एवढीच मनापासून इच्छा आहे. नमस्कार.