ओ.के. कोरल: ३० सेकंद आणि २५ डॉलर दंड

मंडळी, वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातले सिनेमे, म्हटलं की कमरेला पिस्तूल लटकवून गावात शिरणारा माणूस आलाच, आणि आपण धरूनच चालतो की तिकडे सगळे असेच हिंडायचे, विचारणारं कोणी नव्हतं. तर ज्या गोळीबारावर हॉलिवूडने पुन्हा पुन्हा सिनेमे काढले, तो 'ओ.के. कोरल'चा (कोरल म्हणजे घोडे-गुरं ठेवायचं कुंपण) गोळीबार मुळात झाला कशावरून, हे आज बघूया.

२६ ऑक्टोबर १८८१. ॲरिझोनातलं टूमस्टोन, चांदीच्या खाणींमुळे बघता बघता वाढलेलं गाव. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे नियम झाला होता की गावात हत्यार घेऊन फिरायचं नाही, आलात की तबेल्यात नाहीतर बारमध्ये जमा करायचं. त्या दिवशी आइक क्लँटन नावाचा एक गुरंवाला रायफल घेऊन, धमक्या देत अर्प भावांना शोधत फिरत होता. गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प, त्याने मागून येऊन आइकच्या डोक्यात पिस्तूल हाणलं, हत्यारं काढून घेतली आणि थेट कोर्टात उभा केला. दंड २५ डॉलर, वर कोर्टाचा खर्च! दुपारी क्लँटन भाऊ आणि त्यांचे साथीदार मॅक्लॉरी भाऊ पुन्हा जमलेत असं कळलं तेव्हा व्हर्जिल निघाला तोही हत्यारं काढून घ्यायलाच, सोबत भाऊ वायट आणि मॉर्गन, शिवाय वायटचा मित्र डॉक हॉलिडे. आणि ती जागा कोरलमध्ये नव्हतीच हो, एका फोटो स्टुडिओशेजारची चिंचोळी पट्टी होती, दोन्हीकडची माणसं जेमतेम काही फुटांवर. साधारण ३० सेकंदांत ३० च्या आसपास गोळ्या सुटल्या, क्लँटन-मॅक्लॉरींकडचे तिघं मेले, आणि आइक, ज्याच्यामुळे हे सगळं पेटलं, तो हत्यार नव्हतं म्हणून पळाला आणि वाचला.

आता जॉन फोर्डचा १९४६ चा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' घ्या. फोर्डने टूमस्टोन उचलून ॲरिझोनाच्या उत्तर टोकाच्या मॉन्युमेंट व्हॅलीत ठेवलं, खरं गाव राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोच्या हद्दीकडे. सिनेमातला डॉक गोळीबारात मरतो, खरा डॉक १८८७ मध्ये कोलोरॅडोत क्षयाने गेला. याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण त्या सिनेमात अर्धवट बांधलेलं चर्च आहे, नुसता लाकडी सांगाडा आणि वर फडफडणारे झेंडे, आणि तिथे वायट झालेला हेन्री फोंडा ताठ, अवघडल्यासारखा, पाय उचलून उचलून नाचतो, आणि एक गाव उभं राहताना दिसतं. इतकं सुंदर मी वेस्टर्नमध्ये फार कमी पाहिलंय.

खटकतं ते हे की गोळीबाराचं कारणच बदललं. सिनेमात भाऊ जेम्सचा खून होतो म्हणून वायट सूड घेतो, आणि खरा जेम्स तर १९२६ पर्यंत जगला! नियम गेला, दंड गेला, उरला सूड. सूडाला क्लायमॅक्स मिळतो हे मान्य, पण वेस्टर्नने वर्षानुवर्षं तेवढंच दिलं आणि कायद्यासाठी धडपडणारी गावं मागेच राहिली.

कारण गोळीबारानंतर गाव गप्प बसलं नाही. अर्प भावांवर आणि डॉकवर खुनाचा आरोप ठेवला गेला, न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यासमोर जवळपास महिनाभर साक्षी झाल्या, आणि त्यांनी पुढे खटला चालवायला आधार नाही म्हणून सोडलं, पण सोडताना मार्शलने वायट आणि डॉकला सोबत घेतलं हे चुकलंच, असंही निकालात लिहिलं. हा महिना कोणीतरी पूर्ण सिनेमाभर दाखवावा, मला तो मनापासून बघायचाय.